ताडीवाला रोडचा तडीपार : एमसी स्टॅन आणि दक्षिणेची बोली



आजचा विषय जाहीर झाल्यावर आमच्याकडे दोन तऱ्हेची विचारणा झाली. आमच्या वयाच्या लोकांनी विचारलं, "तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालात, आता रॅप कायले?" आणि कॉलेजातल्या मुलांनी विचारलं, "सर, खरंच स्टॅनवर बोलणार, की त्याला शिव्या घालणार?" दोन्ही प्रश्नांमागे एकच समजूत आहे. स्टॅन एक तर आवडून घ्यायचा, नाही तर नाक मुरडायचं, त्याच्यावर विचार करायचा नाही. ही समजूत आम्हाला मान्य नाही. ज्याची गाणी आपल्या जिल्ह्यातल्या पोरांना तोंडपाठ आहेत, खामगाव-मलकापूरच्या गल्लीतही ज्याच्यासारखे केस ठेवणारी मुलं दिसतात, त्याच्याकडे समीक्षेनं पाठ फिरवली तर नुकसान समीक्षेचंच आहे. स्टॅनला काही फरक पडत नाही.

आधी माणूस. अल्ताफ शेख. जन्म ३० ऑगस्ट १९९९, पुणे. पुणे स्टेशनाला लागून जो ताडीवाला रोड आहे, तिथल्या वस्तीतला. पुणं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सदाशिव पेठ येते, फार तर डेक्कन येतं. शिकायला गेलेली आपली मुलं स्टेशनावर उतरतात आणि रिक्षा करून कोथरूडकडे जातात. ताडीवाला रोड पाठीमागे राहतो. लहानपणी तो कव्वाली गायचा, हे त्याच्याविषयीच्या लिखाणात सगळीकडे येतं आणि ते महत्त्वाचं आहे, त्याकडे पुढे येऊ. पुढे रॅप. २०१८ मध्ये 'वाटा' हे गाणं आलं, त्यातल्या भाषेवरून गदारोळ झाला. २०१९ मध्ये मुंबईच्या एमिवे बंटायशी गाण्यांतून भांडण, त्यातलं 'खुजा मत'. त्याच वर्षी 'अस्तगफिरुल्लाह'. २०२० मध्ये 'तडीपार' हा पहिला अल्बम, २०२२ मध्ये 'इन्सान'. मग १ ऑक्टोबर २०२२ ला तो 'बिग बॉस'च्या सोळाव्या पर्वात गेला आणि १२ फेब्रुवारी २०२३ ला जिंकून बाहेर आला. वय २३. आयुष्य म्हणून सांगायला एवढंच आहे. पंचविशीच्या आसपासच्या माणसाचं चरित्र ते किती असणार? पण या चार-पाच वर्षांत जे घडलं त्याचा अर्थ लावायला आम्हाला दोन ठिकाणी जावं लागणार आहे. एक अमेरिकेतलं अटलांटा, दुसरं आपल्या शेजारचं औरंगाबाद.

अटलांटा कशासाठी? तर स्टॅनचं संगीत तिथलं आहे. रॅप म्हटलं की लोकांना न्यूयॉर्क आठवतं, आणि उगम तिथलाच, १९७३ साली ब्राँक्समध्ये. आपल्याकडे 'गली बॉय' सिनेमा २०१९ मध्ये आला, त्यात जे ऐकू येतं त्याचा वळसा बराचसा त्या न्यूयॉर्ककडचा. शब्द पुढे, ठेका मागे, आणि सांगण्यात एक सरळपणा. डिव्हाइन आणि नेझी या मुंबईच्या दोघांच्या आयुष्यावरून तो सिनेमा सुचला होता. स्टॅन त्या रांगेतला नाही. त्याच्या गाण्यात खालचा धम्मकन येणारा, लांबत जाणारा खर्ज आहे. वर झांजेसारखी बारीक, भरभर टिकटिक आहे. आवाज यंत्रातून गाळून काढल्यासारखा आहे. याला ट्रॅप म्हणतात आणि ते अमेरिकेच्या दक्षिणेचं आहे. ट्रॅप म्हणजे तिकडच्या बोलीत जिथे नशेचा माल विकला जातो ते घर. सापळा हा मूळ अर्थही त्यात शिल्लक आहेच, कारण त्या घरात शिरलेला सहसा बाहेर पडत नाही. टी. आय. या अटलांटाच्या रॅपरनं २००३ मध्ये अल्बमचंच नाव तसं ठेवलं आणि शब्द जगभर गेला.

आता तिथली एक गोष्ट सांगतो. ऑगस्ट १९९५, न्यूयॉर्क. हिप हॉपचा एक मोठा पुरस्कार सोहळा. त्या वेळी सगळं भांडण पूर्व किनारा आणि पश्चिम किनारा यांच्यात होतं, न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिस. दक्षिण कोणाच्या खिजगणतीत नव्हती. दक्षिणेचे लोक म्हणजे हेल काढून बोलणारे, खेडवळ. नवोदित गटाचं बक्षीस आउटकास्ट या अटलांटाच्या जोडीला मिळालं आणि सभागृहातून हुर्यो झाली. जोडीतला आंद्रे बेंजामिन वीस वर्षांचा होता. तो माइकपुढे आला आणि एवढंच सांगून गेला की दक्षिणेकडेही सांगण्यासारखं काही आहे. पुढच्या दहा वर्षांत त्या एका वाक्याचं लोकांनी जवळजवळ घोषवाक्य करून टाकलं, आणि २००४ मध्ये याच जोडीला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा ग्रॅमी मिळाला.

आम्हाला त्या वाक्यापेक्षा त्याच्या मागचं तळघर जास्त महत्त्वाचं वाटतं. आउटकास्टची सुरुवातीची गाणी अटलांटात एका संगीतकाराच्या आईच्या घराखालच्या मातीच्या जमिनीच्या तळघरात झाली. हे लोक न्यूयॉर्कला जाऊन न्यूयॉर्कसारखं बोलायला शिकले नाहीत. आपल्या गावात बसले, आपल्या उच्चारात बोलले, आपली गल्ली जशी आहे तशी सांगितली. ज्यांना कळत नव्हतं त्यांनी शिकून घ्यावं, ही भूमिका. हेगेलनं मान्यतेसाठीच्या झगड्यावर लिहिलं आहे. तिथे एक मेख आहे : तुमच्यासारखं होऊन मी तुमच्याकडून मान्यता मिळवली, तर ती मान्यता मला मिळालेलीच नसते, तुमच्या आरशाला मिळालेली असते. अटलांटानं आरसा व्हायला नकार दिला.

ताडीवाला रोडनंही तेच केलं, आणि इथे स्टॅनचं पहिलं श्रेय आहे. मुंबई हे आपल्या हिप हॉपचं न्यूयॉर्क. पुण्याचा मुलगा रॅप करणार तर त्यानं मुंबईसारखी 'बंबइया' बोलावी अशी अपेक्षा. स्टॅननं ती धुडकावली. तो बोलतो ती पुण्याच्या वस्तीतली हिंदी, आणि तिच्यात मराठी अशी मुरलेली आहे की वेगळी काढता येत नाही. 'येडे की चादर' हे त्याच्या एका गाण्याचं नाव बघा. 'येडा' आपला, 'की चादर' हिंदी. 'शाना बन' मधला 'शाना' म्हणजे आपला शहाणाच, वस्तीत 'ह' गळून पडलेला. दूरदर्शनच्या निवेदकासारखी हिंदी त्याला येत नाही असं लोक हसून म्हणतात. आम्ही म्हणतो, त्याला ती बोलायची नाही. दोन्हींत फरक आहे.

आता अल्बमच्या नावाकडे येऊ. 'तडीपार'. तड म्हणजे काठ, कड. तडीपार म्हणजे काठापलीकडे घातलेला. शब्द जुना, पण आज तो पोलीस ठाण्याचा आहे. मुंबई पोलीस अधिनियम, १९५१, म्हणजे आजचा महाराष्ट्र पोलीस अधिनियम, यातल्या कलमांखाली माणसाला जिल्ह्याच्या हद्दीबाहेर काढता येतं, दोन वर्षांपर्यंत. गुन्हा शाबीत व्हावाच लागतो असं नाही, तो गुन्हा करील अशी वाजवी शक्यता पुरते. साक्षीदार पुढे यायला घाबरतात, हेही त्या हुकुमाचं एक कारण म्हणून धरलं जातं. या शब्दाची आपल्या समाजात दोन आयुष्यं आहेत. बंगल्यातल्या माणसाला तो वर्तमानपत्रात भेटतो, वस्तीतल्या माणसाला दारावर. अल्बमला हे नाव देणारा मुलगा दुसऱ्या प्रकारचा आहे. शिवाय ताडीवाला आणि तडीपार या शब्दांचा कानाला होणारा सांधा पाहा. हद्दीबाहेर घालवलेल्यानं आपल्या रस्त्याचं नाव छातीवर लावून परत यावं, तसं काहीसं. हे त्यानं ठरवून केलं की नाही याला महत्त्व नाही. कान असलेल्या माणसाच्या हातून अशा गोष्टी होतात.

कान आहे, हे आम्ही जबाबदारीनं म्हणतो. तो आपले ठेके बहुतेक स्वतः बांधतो. ट्रॅपमध्ये मुख्य चाल संथ असते आणि वरची टिकटिक तिच्या पोटात तीन-तीनचे तुकडे पाडत जाते. आपल्या भाषेत चतुस्रात तिस्र. ज्यांनी ढोलकीवर हात चालवला आहे त्यांना हे सांगावं लागत नाही. मात्रा तीच, पण मध्ये तीनचा भरणा आला की अंग आपोआप पुढे झुकतं. आणि आवाज. ऑटो-ट्यून हे यंत्र १९९७ मध्ये आलं. ते करणारा अँडी हिल्डेब्रँड त्याआधी जमिनीखालचं तेल शोधण्यासाठी भूकंपलहरींचं गणित करत होता. पाताळातला आवाज ऐकणाऱ्यानं गळ्यातला आवाज दुरुस्त करायचं यंत्र काढलं. यंत्र बेसुऱ्याला सुरात आणण्यासाठी होतं, पण ते जोरात लावलं तर सूर एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर उडी मारतो, मधली मींड कापली जाते. शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्याला हे असह्य होतं, आम्हालाही बराच काळ झालं. पण कव्वालीनं तयार झालेल्या गळ्यातून हा प्रकार वेगळा येतो. आपल्या जिल्ह्यात सैलानीचा दर्गा आहे, कव्वाली इथे समजावून सांगायला नको. कव्वाल एखाद्या शब्दावर थांबतो, तोच शब्द पुन्हा घेतो, पुन्हा घेतो, प्रत्येक वेळी वजन वेगळं. स्टॅन ओळीच्या शेवटी तसं करतो. यंत्र त्याच्या सुरांच्या पायऱ्या पाडतं आणि त्या पायऱ्यांवरून त्याचं गाऱ्हाणं उतरतं. रडणं लपवायला यंत्र लावलंय आणि यंत्रामुळेच ते जास्त ऐकू येतंय, असा तो परिणाम आहे. 'अस्तगफिरुल्लाह' ऐका. अल्लाकडे क्षमा मागतो, असा त्या शब्दाचा अर्थ. ज्याला वर्षभर आधी लोकांनी शिवराळ म्हणून झोडपलं, तो या गाण्यात स्वतःच्या वागण्याचा हिशेब मांडतो. आमच्या मते त्याचं आजवरचं सर्वांत चांगलं काम हे आहे, आणि त्याच्या मोठ्या प्रसिद्धीच्या तीन वर्षं आधीचं आहे, ही गोष्ट लक्षात ठेवा.

आता औरंगाबाद. म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर. इथून तीन-साडेतीन तासांवर. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे वली नावाचा कवी झाला. वली दखनी. दखनी म्हणजे दख्खनची हिंदी-उर्दू, जिच्यात मराठी, तेलुगू, कन्नड मिसळलेली. वऱ्हाड १८५३ साली इंग्रजांच्या कारभाराखाली जाईपर्यंत निजामाकडे होतं, त्यामुळे तिचा पाझर आपल्या मलकापूर-नांदुऱ्याच्या बोलण्यातही आहे. त्या काळी दिल्लीच्या कवींची प्रतिष्ठेची भाषा फारसी. घरी बाजारात जी बोलायची ती भाषा कवितेच्या लायकीची नाही, असा समज. १७०० साली वली दिल्लीला गेला, आणि पुढे वीसेक वर्षांनी त्याचा दीवान तिथे पोचला, तेव्हा दिल्लीचे कवी चकित झाले. या दक्षिणेच्या माणसानं आपल्या बोलीत गझल लिहिली आणि ती फारसीला हार जात नाही! शाह हातिमसारखे कवी त्याच्या वाटेनं गेले. दिल्लीच्या उर्दू गझलेला ताकद आली ती दक्षिणेकडून. अटलांटाच्या पावणेतीनशे वर्षं आधी दक्षिणेनं आपलं म्हणणं राजधानीत असं मांडलं होतं.

पण पुढे काय झालं ते ऐका. त्याच हातिमनं उतारवयात आपल्या कवितांची फेरनिवड केली, 'दीवानजादा' नावानं, आणि बोलीचे शब्द खुडून काढण्याचा आग्रह धरला. दिल्लीनं दक्षिणेचा छंद घेतला आणि दक्षिणेचे शब्द फेकले. मग दखनी ही उर्दूची गावठी बहीण ठरली, हसायची, नकला करायची. आजही हैदराबादी बोलीचे विनोद चालतात ना, ते तिथपासूनचे.

हे मनात ठेवून 'बिग बॉस'कडे बघा. शेवटच्या फेरीत दोघं उरले होते, पुण्याचा स्टॅन आणि आपल्या अमरावतीचा शिव ठाकरे. हिंदीतला सर्वांत मोठा तमाशा, त्याच्या शेवटच्या चौकटीत दोन महाराष्ट्राची पोरं. वऱ्हाडात लोक अर्थातच शिवकडे होते. या दोघांच्या गटाला त्या घरात नाव पडलं होतं 'मंडळी', चक्क मराठी शब्द. आणि स्टॅनच्या तोंडचा 'शेमडी' देशभर पसरला. लखनौ-पाटण्याची मुलं 'शेमडी' म्हणू लागली. आपण हरखलो. वा, आपला शब्द! पण थांबा. दिल्लीनं वलीचा छंद ठेवला आणि शब्द टाकले. टीव्हीनं उलटं केलं. स्टॅनचे शब्द ठेवले आणि गाणं टाकलं. त्या साडेचार महिन्यांत देशानं त्याचा हेल ऐकला, त्याचे ८० हजारांचे बूट पाहिले, गळ्यातला 'हिंदी' लिहिलेला हार पाहिला, त्याला घरी जायचंय घरी जायचंय म्हणून कंटाळलेला पाहिला. तो ज्यासाठी स्टॅन होता ती गोष्ट, म्हणजे रात्री एकट्यानं ठेका बांधून त्यावर आपलं आयुष्य मांडणं, ती मात्र तिथे दिसण्यासारखीच नव्हती. बक्षीस मिळालं ३१ लाख ८० हजार आणि एक गाडी. त्याच्या चाहत्यांना हा वस्तीचा विजय वाटला, आणि एका अर्थी तो होताही. मतं देणारे कोण होते ते उघड आहे. पण वस्तीचा आवाज म्हणून जे पोचलं ते आवाजाचं लेबल होतं.

आता आमचा आक्षेप. मुलांना हा भाग आवडणार नाही.

शिव्यांबद्दल आम्हाला फारसं काही म्हणायचं नाही. मार्च २०२३ मध्ये इंदूरला त्याचा कार्यक्रम शिवराळ भाषेच्या नावाखाली काही लोकांनी मंचावर चढून बंद पाडला. त्याचं समर्थन होऊच शकत नाही. शाहिरी परंपरेला तोंडाळपणा नवा नाही. कलगीवाले आणि तुरेवाले रात्र-रात्र एकमेकांची अक्कल काढत. एक पक्ष शक्ती श्रेष्ठ म्हणणारा, दुसरा शिव, आणि मधल्या सवाल-जवाबात विरोधकाच्या सात पिढ्यांचा उद्धार. एमिवे आणि स्टॅनचं भांडण हा त्याचाच नातू. फरक असा की कलगी-तुऱ्यात हरणाऱ्याला उत्तर येत नाही म्हणून तो हरे. इथे ज्याला जास्त लोकांनी पाहिलं तो जिंकतो.

आमचा आक्षेप बायकांबद्दल आहे. स्टॅनच्या बऱ्याच गाण्यांत बाई येते ती फसवणारी म्हणून किंवा शिवी म्हणून. आई तेवढी अपवाद. वस्तीचं वास्तव असंच आहे, असा त्यावर बचाव होतो. हा बचाव टिकत नाही, आणि तो का टिकत नाही हे नामदेव ढसाळांनी दाखवून ठेवलं आहे. 'गोलपिठा' १९७२ चा. कामाठीपुऱ्याची भाषा, आमच्या पिढीच्या मराठी वाचकानं कधी न ऐकलेली. प्रस्तावना लिहिणारे विजय तेंडुलकरही त्या भाषेपुढे चाचपडतात आणि तसं मोकळेपणानं सांगतात. ढसाळांइतकी शिवी मराठी कवितेत कोणी वापरली? पण त्यांच्या कवितेत शिवी वरच्या दिशेनं जाते. बाजारात बसलेल्या बाईला ती लागत नाही, तिला तिथे बसवणाऱ्याला लागते. स्टॅनची शिवी पुष्कळदा आडवी जाते, शेजारच्याच घरात पडते. वस्तीतल्या मुलीला वस्तीतल्या मुलानं दिलेली शिवी म्हणजे बंड नव्हे, ती रोजचीच रीत. बंडखोर कलावंतानं तेवढी रीत मोडायला नको? रॅपला ते जमत नाही असंही नाही. अमरावतीचा विपिन तातड आंबेडकरी आशय घेऊन रॅप करतो. मुंबईच्या 'स्वदेसी'नं २०१९ मध्ये आरेच्या आदिवासींबरोबर, प्रकाश भोईरांना सोबत घेऊन, वारली विद्रोहाचं गाणं केलं. तिथे राग आहे, आणि रागाला पत्ता आहे.

दुसरा आक्षेप बढाईचा. हा थोडा नाजूक आहे. आमच्या वयाचे लोक म्हणतात, काय ते बूट आणि काय ते हार. आम्हाला तसं म्हणायचं नाही. ज्याला दोन तासांपूर्वी दुकानदारानं बाहेर हाकललं त्यानं उद्या मी हे दुकान विकत घेईन म्हणणं, ही बढाई नसते, अर्ज असतो. अभिनवगुप्त ज्याला साधारणीकरण म्हणतो ते तिथे घडतं. बूट एकाचे राहत नाहीत, अनवाणी असलेल्या सगळ्यांचे होतात. 'बस्ती का हस्ती' या नावातच ते आहे. हस्ती आहे, पण बस्तीची. पण तेच वाक्य, तोच माणूस, बूट खरोखर मिळाल्यावर म्हणतो तेव्हा ते वेगळं वाक्य होतं. अक्षरं तीच, पण आता ते अनवाणी माणसाच्या वतीनं बोललेलं नाही, त्याला ऐकवलेलं आहे. 'तडीपार'मध्ये जो 'मी' आहे त्याच्यात वस्ती मावते. नंतरच्या पुष्कळ कामात 'मी' मोठा झाला आणि वस्ती त्याच्या मागचा पडदा झाली. 'इन्सान'मध्ये मधूनच जुना स्टॅन डोकावतो, थकलेला, कोणावर विश्वास न उरलेला, आणि ते तुकडे चांगले आहेत. बाकीचं कौशल्य आहे.

अटलांटाकडे पुन्हा एकदा. तिथल्या दक्षिणेनं काय टिकवलं? नाव मोठं झाल्यावरही ती मंडळी आपल्या शहराबद्दल बोलत राहिली. टेकवूड होम्स ही १९३६ साली उघडलेली, अमेरिकेतली पहिली सरकारी घरवस्ती अटलांटात होती. १९९६ च्या ऑलिंपिकसाठी शहर सजवताना ती पाडली गेली. याच सुमारास तिथलं हिप हॉप बहरत होतं, आणि पडणाऱ्या, बदलणाऱ्या शहराची खबर ते आपल्या परीनं ठेवत होतं. ताडीवाला रोडवरच्या जमिनीला, स्टेशनाच्या इतक्या जवळच्या जमिनीला, आज काय भाव आहे आणि उद्या तिथे कोण राहणार आहे? या प्रश्नावर गाणं लिहायला स्टॅनइतका लायक माणूस महाराष्ट्रात दुसरा नाही. ते गाणं आम्हाला अजून भेटलेलं नाही. भेटलं तर आम्ही पुन्हा इथे येऊन बोलू.

आणि आता इथलं. आमच्या कानावर येतं ते असं : चिखलीचा, मेहकरचा, देऊळगाव राजाचा मुलगा रात्री मोबाइलवर फुकटचा ठेका शोधतो, त्यावर लिहितो. पोरं आम्हाला ऐकवतात, आम्ही ऐकतो. ठेका अटलांटाचा, ते ठीक. हार्मोनियम तरी कुठे आपली होती? पण भाषा? भाषा ताडीवाला रोडची. 'हक से', 'शेमडी', सगळं जसंच्या तसं. घरी जो मुलगा "काऊन बे, कुठी चालला?" म्हणतो तो माइकपुढे पुण्याची हिंदी बोलतो. का, असं विचारलं तर म्हणतो, "सर, वऱ्हाडीत लोक हसतात." अरे बाबा, ताडीवाला रोडच्या हिंदीलाही हसतच होते ना! स्टॅनकडून उचलायचं ते न लाजणं. तुम्ही उचललात त्याचा उच्चार. मग तुमच्यासाठी पुणं हेच न्यूयॉर्क झालं.

मेहकरचे ना. घ. देशपांडे आठवा. वकिली करणारा, तालुक्याच्या गावी राहणारा कवी. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांची 'शीळ' ही कविता ग. ना. जोशींच्या आवाजात तबकडीवर आली आणि मराठी भावगीताच्या ध्वनिमुद्रणाची ती सुरुवात मानली जाते. त्या काळी ग्रामोफोन हे आजच्या मोबाइलइतकंच नवं, परकं यंत्र होतं. त्या यंत्रावर जे चढलं त्यात रान होतं, आणि ते वऱ्हाडातलं होतं. १९८६ मध्ये 'खूणगाठी'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तेव्हाही ना. घ. मेहकरचेच होते. हे आम्ही रॅपरांना भावगीतं लिहा असं सुचवायला सांगत नाही. खारपाणपट्ट्यातलं मचूळ पाणी, कापसाचा पडलेला भाव, बसथांब्यावरचा रिकामा दिवस, लोणारला आलेल्या पाहुण्यांना गाडीतूनच फिरवून परत नेणारा पोरगा, यातलं काहीही अजून तिस्रात बसवलेलं आमच्या ऐकण्यात नाही. एखाद्या मुलीनं बसवलेलं असेल तर आम्हाला ते आधी ऐकायचंय. या प्रकारात मुलींची बाजू फार थोडी ऐकू येते, आणि आडव्या शिवीला उत्तर तिथूनच येणार आहे.

वेळ संपत आलाय, संयोजक घड्याळाकडे बघताहेत. प्रश्नोत्तरांच्या आधी एक विनंती आम्ही त्यांना केली होती आणि त्यांनी ती मानली आहे. 'अस्तगफिरुल्लाह' पूर्ण लावायचं आहे, मोठ्या आवाजात. पुढच्या दोन रांगांतल्या ज्येष्ठांनी कानावर हात ठेवले तरी आमची हरकत नाही, फक्त उठून जाऊ नका. शब्द सगळे कळले नाहीत तर शेजारी बसलेल्या पोराला विचारा, तो सांगेल. हं, लावा.